चाखून ठेवलेलं

सकाळी फिनेलबाईने पावाचा डबा उघडला. आज पुन्हा तेच. आतल्या एकेका तुकड्याची कड कुणीतरी चावून ठेवली होती. कुणीतरी कसलं, चावणारी कोण ते आंधळ्यालाही कळलं असतं. वरच्या दोन दातांमध्ये काडी जाईल एवढी फट असलेलं माणूस त्या घरात एकच होतं, आणि त्या फटीची खूण पावावर ठसठशीत उमटली होती. चावलेली कड ओलसर, मऊ, जराशी पिवळट. शी! फिनेलबाईने सगळे तुकडे चिमटीत धरून कचऱ्याच्या टोपलीत टाकले. डबा उकळत्या पाण्याने धुतला. मग हात धुतले, मग नळ धुतला, आणि नळाला लागले म्हणून हात पुन्हा धुतले. मग चपला पायात अडकवून, बाकीचे उठायच्या आत कोपऱ्यावरून नवा पाव घेऊन आली.

फिनेलबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरातली बारकी तिला पाठीमागे तसं म्हणायची, एकदा चुकून तोंडावर म्हणाली, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बाईला त्याचा राग आला नाही. उलट घरात कुणाला तरी स्वच्छतेची चाड आहे हे निदान नावावरून तरी कळेल, असं तिला वाटलं. उमेदीची सगळी वर्षं तिने दातांच्या डॉक्टरकडे काढली होती. पेशंटच्या तोंडात नळी धरायची, रक्त-थुंकी ओढून घ्यायची, मग अवजारं उकळायची. माणसाच्या तोंडात काय काय असतं ते एकदा जवळून बघितलं की कुणाचा मुका घ्यावासा वाटत नाही, असं ती म्हणायची. लग्न का नाही केलं असं विचारणाऱ्याला तेवढं उत्तर पुरायचं.

पुढे अवजारं उकळता उकळता ती स्वतःचेच हात उकळायला निघाली. सकाळी सुरू झालेलं हात धुणं दुपारपर्यंत संपेना. कातडी सोलली, नोकरी गेली, आणि ज्या मोठ्या भिंतींच्या इस्पितळात माणसं आत जाताना दिसतात पण बाहेर येताना फारशी दिसत नाहीत, तिथे तिचीही भरती झाली. तिथून सुटून ती या घरात आली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

घर साधंच. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला शिंपी, मध्ये हे. बाहेरून बघणाऱ्याला काही वेगळं वाटायचं नाही. इस्पितळातून सुटलेल्या, पण अगदी एकट्याने राहणं न झेपणाऱ्या माणसांसाठी एका संस्थेने ते चालवलेलं. चार खोल्या, चार माणसं, ज्याची किल्ली त्याच्याकडे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांचं मिळून. आळीपाळीने प्रत्येकाने स्वयंपाक करायचा, जमेल तसा. देखरेखीला एक बाई सकाळी यायची आणि संध्याकाळी जायची. तिला सगळे वहिनी म्हणत, कुणाची वहिनी ते विचारू नये. गोळ्या तिच्यासमोर घ्यायच्या, एरवी ती कुणाच्या खोलीत दार वाजवल्याशिवाय पाऊल टाकायची नाही.

आणि त्या घराचा एक नियम होता. चौथी खोली रिकामी झाली की इस्पितळातून नवं माणूस यायचं ते आधी पाहुणं म्हणून. दोन आठवडे राहायचं, मग सगळ्यांनी टेबलाशी बसायचं आणि एकेकाने त्या माणसाच्या तोंडावर सांगायचं, हो किंवा नाही. पाठीमागे कुजबुज चालायची नाही. एकाचंही नाही आलं तर माणूस परत. आपल्याबरोबर कोण राहणार हे इतकी वर्षं दुसऱ्यांनीच ठरवलं, आता निदान एवढं तरी आपण ठरवायचं, म्हणून त्यांनी स्वतःच घातलेला नियम तो. फिनेलबाईला तो फार आवडायचा. आजवर तिने तिघांना हो म्हटलं होतं, नाक मुरडत का होईना.

या नव्या बाईला मात्र ती नाही म्हणणार होती. त्यात काडीची शंका नव्हती.

नवी म्हणजे साठी उलटलेली, ढगळ झग्यातली, पाय ओढत चालणारी बाई. इस्पितळात ती इतकी राहिली होती की तिथले पहारेकरी म्हातारे होऊन गेले, ही तिथेच. बारकी तिला पहिल्या दिवसापासून आजी म्हणायला लागली. बारकी तिशीची होती, पण कुणालाही आजी-मामा-काका करून टाकण्यात पटाईत. फिनेलबाईने नवीला मनातल्या मनात दिलेलं नाव होतं उष्टी. बाई स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये खाकरून थुंकायची आणि थुंकलेलं बघत उभी राहायची. साबणाच्या वडीला तिचे पांढरे केस चिकटलेले असायचे. झग्यावर परवाचं सूप वाळलेलं. हे सगळं एक वेळ फिनेलबाईने दात आवळून सोसलं असतं. पण उष्टं!

दुधाच्या पातेल्याला सरळ तोंड लावून घोट. जॅमच्या बाटलीत बोट, आणि तेच बोट चोखून पुन्हा लोण्यात. सूप उकळत असलं की डाव चाटायचा आणि पुन्हा सुपात बुडवायचा. केळं सोलून एक घास खायचा आणि उरलेलं साल मिटून जागेवर ठेवून द्यायचं, जणू काही झालंच नाही. बारकीच्या चॉकलेटचाही कोपरा उडाला होता. बरं, ती हावरट म्हणावी तर तसंही नाही, कारण एका घासापलीकडे ती कशालाच तोंड लावायची नाही. सगळ्यात एकेक तोंड घालून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्याला खाता येऊ नये. फिनेलबाईने लावलेला अर्थ हा असा होता. आणि कळस म्हणजे रोज संध्याकाळी फिनेलबाईच्या दाराशी एक अर्धं बिस्किट ठेवलेलं असायचं. ओल्या कडेचं. एकदा ते तिच्या अनवाणी पायाखाली आलं, तेव्हा ती किंचाळली होती.

घरातल्या बाकीच्यांना त्याचं काही नव्हतं. ड्रायव्हरकाका खिडकीशी खुर्ची टाकून दिवसभर रस्ता बघायचे. पूर्वी मोठमोठे ट्रक चालवायचे, मग इंजिनातून त्यांना माणसं हाका मारायला लागली. आता हाका कमी झाल्या होत्या, पण काकांचा स्वभाव असा की पुढ्यात दगड वाढला तरी चालतंय म्हणायचे. त्यांना आणि बारकीला उष्टं जायचंच नाही, कारण फिनेलबाई पहाटे उठून सगळं टोपलीत टाकायची, दूध ओतून द्यायची, सुपाचं पातेलं रिकामं करून घासायची आणि नव्याने सूप लावायची. आपण या लोकांना घाणीपासून वाचवतोय असं तिला वाटायचं, आणि त्यांना त्याची जाणीवही नाही म्हणून त्यांचा रागही यायचा.

तिने वहिनीकडे तक्रार केली, एकदा नाही, रोज. वहिनीने नव्या बाईशी बोलून बघितलं, पण ती नुसती मान डोलवायची आणि पुन्हा तेच करायची. वहिनी म्हणाली की तुम्हीच एकदा तिला विचारा ना का करते ते. फिनेलबाई म्हणाली की त्या तोंडाशी मी बोलू? माझ्यावर थुंकी उडेल.

खरी गोष्ट अशी होती की तिचे हात पुन्हा फाटायला लागले होते. बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, त्यात साबण झोंबायचा आणि झोंबला की बरं वाटायचं. हात हीच तुमची पहिली खूण, असं डॉक्टरने तिला बजावलं होतं. हात फाटले की समजायचं गाडी उताराला लागली. म्हणून ती उकाड्यातही लांब बाह्यांचे कपडे घालून पंजे आत ओढून घ्यायची. ही बाई कायमची इथे राहिली तर आपण परत त्या भिंतींच्या आत जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. दोघींपैकी एकीला जायचंच असेल तर ती आपण का, हा तिचा सरळ हिशेब होता, आणि त्यात चूक काढायला कुणाची हिंमत होती?

मग टेबलाशी बसायच्या आदल्या दिवशी दुपारी नवीचा मुलगा आला. चिरंजीव चाळिशीचे, गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तराचा घमघमाट. खिडकीतून त्याला येताना बघून फिनेलबाईला बरंच बरं वाटलं. चला, या बाईच्या गोतावळ्यात एक तरी माणूस आंघोळ करतं. नवी त्याला बघून इतकी हरखली की पाय ओढत धावलीच. तिने घाईघाईने बिस्किटाचा पुडा फोडला, एकाचा अर्धा तुकडा चावला आणि उरलेला त्याच्या हातात दिला. तो हसला. छान आहे हं आई, असं म्हणून त्याने तो तुकडा रुमालात गुंडाळला. नंतर खातो म्हणाला. नवी त्याच्या रुमालाकडे बघत राहिली.

फिनेलबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. चिरंजीव मागच्या दाराने बाहेर आले, रुमाल कचऱ्याच्या टोपलीवर झटकला, खिशातून एक छोटी बाटली काढली आणि हातावर काहीतरी ओतून बोटं एकेक करून चोळली. पेरांच्या मधली जागा, मग नखं, मग मनगटं. फिनेलबाई बघत राहिली. इतकं व्यवस्थित हात चोळणारं माणूस तिने आरशाबाहेर बघितलं नव्हतं. त्याने मान वर केली आणि तिला बघून ओळखीचं हसला.

"ताई, तुम्ही यांच्यात जरा वेगळ्या दिसता," तो आवाज खाली आणून म्हणाला. "स्वच्छ, नीटनेटक्या. खरं सांगा, तुम्हालाही किळस येते ना तिची?"

येते, फिनेलबाई म्हणाली. खोटं कशाला बोलायचं?

"मग झालं तर. उद्या एक शब्द बोलायचाय फक्त. तिला तिकडची सवय आहे, सांभाळायला माणसं आहेत. इथे माझं दुकान दोन गल्ल्या सोडून. ही उद्या रस्त्यावर थुंकत हिंडणार, कुणी ना कुणी विचारणार, ही कोण तुमची? आपल्यासारख्या माणसांना कळतं हे."

आपल्यासारख्या! फिनेलबाईला एकदम तोंडात काहीतरी आंबट आल्यासारखं झालं. तो बोलत होता ते शब्दन् शब्द तिच्याच मनातले होते, आणि तरी त्याच्या तोंडून ऐकताना तिला शिसारी आली. तिचा सख्खा भाऊ अधूनमधून भेटायला यायचा. तिच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचा आणि कितीही आग्रह केला तरी पाणी प्यायचा नाही. ती ग्लास उकळून ठेवायची, त्या ग्लासातलं पाणी! तो बाहेर जाऊन असाच रुमाल झटकत असेल का, हात चोळत असेल का, हे तिच्या डोक्यात आजवर कधी आलं नव्हतं, ते आता आलं. चिरंजीव अजून हसत होते. नखं गुलाबी, स्वच्छ, कापलेली. ती घरात आली आणि न्हाणीघरातल्या नळाशी उभी राहिली. या वेळी ती हात कुणाचे धुवून काढत होती ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

झाली ना पंचाईत! आता नाही म्हटलं तर ते त्या बुळबुळीत माणसाचं नाही होणार. हो म्हणावं तर पावाचा डबा डोळ्यांसमोर येत होता. तिला दोघांचीही किळस येत होती, आणि त्यातली कुठली जास्त ते ठरेना. चिरंजीव गेल्यावर ती तडक स्वयंपाकघरात गेली. नवी तिथेच होती, काकांच्या सुपाच्या पातेल्यावर वाकलेली, डाव तोंडात.

"तुम्ही हे का करता?" फिनेलबाईने विचारलं. दोन आठवड्यांत ती तिच्याशी पहिल्यांदा बोलत होती, तीही चार हात लांबून.

"काय?"

"सगळ्यात तोंड घालता ते."

"बघते," नवी म्हणाली. "विष घातलंय का ते."

आणि डाव पुन्हा पातेल्यात सोडून ती सांगायला लागली, अगदी साध्या आवाजात, कुणी भाजी महाग झाल्याचं सांगावं तसं. फार पूर्वी लोक तिच्या अन्नात विष घालायचे. घरी घालायचे, मग इस्पितळातही घालायला लागले. तिने खाणं सोडलं. नाकात नळी घालून तिला जगवलं होतं. मग शेजारच्या खाटेवर एक बाई आली. ती हिच्या ताटातला प्रत्येक घास आधी अर्धा स्वतः खायची आणि उरलेला हिला द्यायची. बघ, मेले का मी? आता तू खा. असं करत करत ही खायला लागली. ती बाई पुढे वारली, म्हातारपणाने, विषाने नाही, हे नवीने दोनदा सांगितलं. तेव्हापासून हे काम तिने हातात घेतलं. वॉर्डातल्या तिच्या बाजूच्या सगळ्यांचं ती आधी चाखायची, आणि ते खायचे. आजवर एकही मेला नाही म्हणाली.

"तुम्ही चांगली माणसं आहात," नवी म्हणाली. "तुझं मी दोनदा बघते. तू अगदीच काटकुळी. तुला जरासं लागलं तरी संपलीस."

फिनेलबाईला काय वाटलं असेल? डोळ्यांत पाणी आलं? छे! तिच्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते एवढंच की दोनदा, म्हणजे आपल्या पावावर हिची थुंकी दोन थरांत असते. तिला मळमळलं. पण त्या मळमळीच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट आली आणि ती काही केल्या खाली उतरेना. ही बाई रोज दारात ठेवते ते बिस्किट तिला डिवचायला नव्हतं.

"पण टोपलीत कोण टाकतं गं?" नवीने विचारलं. "मी एवढं बघून ठेवते, आणि सकाळी सगळं टोपलीत. या घरात कुणाला जगायचं नाही का?"

फिनेलबाईने टोपलीकडे पाठ केली.

तिने वहिनीला गाठून सगळं सांगितलं. वहिनी म्हणाली की विषाचं तिचं जुनंच आहे, डॉक्टरांना ठाऊक आहे, पण चाखण्यामागे हे असेल असं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, डॉक्टरांशी बोलेन. आणि म्हणाली की एके काळी स्वतः न खाणारी बाई आता दुसऱ्यांना खाऊ घालते, तिच्या मानाने ही केवढी मजल आहे. मजल गेली खड्ड्यात, फिनेलबाई म्हणाली, माझ्या पावाचं काय? वहिनी हसली नाही, हे तिचं नशीब. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर म्हणा, ती म्हणाली, तो तुमचा हक्क आहे, त्यासाठी कुणी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. तुमचे हात मला दिसत नाहीत असं समजू नका. यावर फिनेलबाईने पंजे बाह्यांत आणखी आत ओढले.

दुसऱ्या दिवशी सगळे टेबलाशी बसले. चहा होता, पाव होता, लोणी होतं. नातेवाइकांनी बसलं तर चालायचं, बोलायचं नाही, म्हणून चिरंजीव दाराशी स्टुलावर बसले होते. आईची कपड्यांची पिशवी त्यांनी आधीच आपल्या पायाशी आणून ठेवली होती. केवढा तो विश्वास! फिनेलबाईकडे बघून त्यांनी हलकेच मान लववली, कटातल्या साथीदाराने लववावी तशी. तिने तोंड फिरवलं.

नवीने बसल्या बसल्या पावाचा एक तुकडा उचलला, कड चावली, चावता चावता छताकडे बघितलं, दुसऱ्यांदा चावली, आणि तुकडा फिनेलबाईच्या बशीत ठेवून दिला. नेहमीसारखाच.

काका चालतंय म्हणाले. वहिनी म्हणाली की काका, हो का नाही? मग काका हो म्हणाले. बारकी म्हणाली की आजी माझ्या चॉकलेटला हात लावणार नसेल तर हो, आणि लावणार असेल तरी हो, पण विचारून. मग सगळ्यांची तोंडं फिनेलबाईकडे वळली. ती बशीतल्या पावाकडे बघत होती. कडेला थुंकीचा ओलेपणा चमकत होता, आणि त्यात लोण्याचा एक कण.

"मला हिची किळस येते," ती म्हणाली. "हिने हात लावलेलं मला बघवतही नाही. रोज टोपलीत जातं ते मी टाकते. काका नाहीत, बारकी नाही. पहाटे उठून मीच टाकते."

दाराशी चिरंजीवांनी सुस्कारा सोडला. फिनेलबाईने पुढे काय म्हणायचं ते अजून ठरवलेलं नव्हतं. तोंड उघडलं की जे येईल ते येईल असं तिला वाटत होतं. पण तिच्या आधी नवीच बोलली.

"मग मी जाते," नवी म्हणाली. रागाने नाही. तिला नुसतं एक कोडं सुटल्यासारखं दिसत होतं. "तिकडे खातात. इथे माझं कुणी खात नाही. मग मी इथे बसून करू काय?"

वहिनी तिला समजवायला लागली, की इथे तुमची खोली आहे, किल्ली आहे, चाखायचंच असेल तर सुरीने कोपरा कापून चाखता येईल, म्हणजे कुणाला त्रास नाही. सुरीला काय कळतं, नवी म्हणाली, आणि खुर्ची मागे सरकवली. काकांनी हात पुढे करून म्हटलं की द्या, मी खातो. नवीने मान हलवली. काका दगडही खातील, हे तिने दोन आठवड्यांत ओळखलं होतं. त्यांचं खाणं तिच्या हिशेबी नव्हतं.

"बघा, तीच म्हणते," चिरंजीव म्हणाले. न बोलायचा नियम ते विसरून गेले होते. उठून त्यांनी पिशवी उचललीसुद्धा, दोन बोटांत धरून, अंगाला लागणार नाही अशी. चेहरा आंघोळ घातल्यासारखा उजळला होता. एवढी वर्षं आत काढलेली आई, आणि तिला पुन्हा त्या भिंतींच्या आत लोटताना माणूस इतकं खूश दिसतं! आणि लोटायचं कशाच्या जोरावर, तर फिनेलबाईच्या टोपलीच्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर तिने घाण बघितली होती, पू बघितला होता, किडलेल्या दाढा वाटीत पडताना बघितल्या होत्या, पण असलं काही तिने बघितलं नव्हतं.

"बसा खाली," ती नवीला म्हणाली.

आणि तिने पाव उचलला. बाहीतून पंजा बाहेर आला, फाटलेली बोटं सगळ्यांना दिसली. वास आला, शिळ्या तोंडाचा, ओल्या पिठाचा. तिने कड चावली, तीच, दोनदा चावलेली. ती जिभेवर गार लागली, शेवाळासारखी गिळगिळीत, आणि दातांच्या डॉक्टरकडे बघितलेली सगळीच्या सगळी तोंडं तिच्या डोळ्यांसमोर एकदम उघडली. डोळ्यांतून पाणी आलं, ते ओकारीचं. तिने चावलं. गिळलं. ते अर्ध्यावर अडकलं. तिने टेबलाची कड धरून पुन्हा गिळलं.

नवी तिच्याकडे टक लावून बघत होती, ओठांचा रंग, डोळ्यांच्या बाहुल्या, छातीचं वरखाली होणं. विष चढायला लागतो तेवढा वेळ तिने जाऊ दिला. चहा गार होत गेला. मग तिने खुर्ची पुढे ओढली.

"मेली नाही," ती वहिनीला म्हणाली. मग फिनेलबाईकडे वळून तिने विचारलं, "उद्याही खाशील?"

दाराशी पिशवी धरलेला हात थांबला. वहिनी, बारकी, काका, सगळे एका शब्दासाठी फिनेलबाईच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते तोंड उघडायची तिला भीती वाटत होती.

"हो," ती म्हणाली, आणि तोंडावर दोन्ही हात दाबून बेसिनकडे धावली. तिथे ती बराच वेळ वाकून उभी राहिली, घामाने निथळत, पण पोटातलं तिने बाहेर येऊ दिलं नाही.